दादाचं जाकीट

प्रिय दादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाहीये, म्हणून खरं ते लिहिते.

आपल्याकडची थंडी ती काय, पण संध्याकाळी समुद्रावर वारा जरा झोंबतो. आज बाबांना फिरवायला नेताना मी तुझं जुनं जाकीट अंगात अडकवलं. त्यांना हल्ली माणसं धड ओळखू येत नाहीत. वाळूत चार पावलं चालले, माझी बाही चाचपली आणि म्हणाले, "आलास? तुला घराबाहेर काढलं, चुकलं रे माझं. माफ करशील?"

बारा वर्षं तू या एका वाक्यासाठी अडून बसलायस. तू गेलास आणि माझं कॉलेज सुटलं, त्यांचं हगणं-मुतणं माझ्या गळ्यात पडलं. माझी माफी कुणी मागितली नाही.

मी आवाज जाड करून म्हणाले, "नाही."

ते ओल्या वाळूतच मटकन बसले आणि हुंदके देत रडले. घरी येऊन मी जाकीट काढलं, तोवर ते सगळं विसरले होते. मला म्हणाले, "पोरी, आज छान फिरलो."

उद्या वारा नसला, घामाच्या धारा लागल्या, तरी मी तेच जाकीट घालून जाणार आहे.

तुझी,
धाकटी