दुसऱ्या घोषणेपर्यंत

४ जुलै, शुक्रवार

"हो" म्हणून आले. चर्चमध्ये, मंडळीसमोर, स्पष्ट आवाजात. आता दोन रविवार आमची नावं वाचून दाखवतील आणि अठराला लग्न. मारोलोप माझा आतेभाऊ. आम्हा बाताक जमातीच्या लोकांत याहून चांगली सोयरीक नाही, असं आज ज्याने त्याने येऊन ऐकवलं.

आत्या रडत होती. "तू पाळण्यात होतीस गं रोस्पिता, तेव्हाच मला देवाने सांगितलं. ही तुझी सून!" बाबांनाही सांगितलंय म्हणे. मारोलोपलाही. देव माझ्याबद्दल सगळ्यांशी बोलतो — मला सोडून.

५ जुलै

मारोलोपची बोट तपासणीसाठी काठावर ओढलेली. तपासनीस म्हणून आज पाळी माझीच होती. पुढच्या अंगाचा, पाण्याखाली राहणारा पत्रा सहा मिलिमीटर हवा. झिजून यंत्रावर अडीच भरला. रंग खरवडून पुन्हा मोजला. अडीच. लाल फुली मारली.

"बघा रे, बायको होण्याआधीच नापास करतेय मला!" सगळ्यांसमोर हसला. मग बाजूला घेऊन — "लग्नाचं वऱ्हाड बेटावरून याच बोटीने येणार. लग्न झालं की पत्रा बदलतो. आता सही कर, रोस. मी प्रार्थना केलीय. मनाला शांती मिळाली."

शांती मिळाली! पत्रा मात्र अडीचच.

सही केली नाही.

६ जुलै, रविवार

पहिली घोषणा. नावं, आईबापांची नावं, आणि शेवटचं ते वाक्य — कुणाची हरकत असेल तर दुसऱ्या घोषणेच्या दिवसापर्यंत मंडळीच्या पंचांना कळवावं. कुणी ऐकत नाही ते. तेवढ्यात पुढच्या गीताचं पान शोधून होतं.

पाळकबाईंचा उपदेश: शहाणपण कमी पडत असेल तर देवाकडे मागा, तो हात आखडता घेत नाही.

बरं. मागते.

७ जुलै

मागितलं. काही नाही.

८ जुलै

मारोलोप जेवायला आला. आईने अर्सिक केलं होतं, मसाल्यात आटवलेला मोठा मासा. काटे काढता काढता म्हणाला, "तू मापावर विश्वास ठेवतेस, मी देवावर."

"मग एकटा जा त्या बोटीतून. ऐंशी माणसं कशाला नेतोस?"

बाबा म्हणाले, "झालं! लग्नाआधीच नवऱ्याला पाण्यात पाहायला लागली!" सगळे हसले. मारोलोप सर्वांत जास्त.

जेवणानंतर तो गायला. त्याचा आवाज मला अजून आवडतो. हेही लिहून ठेवते. खोटं नको.

९ जुलै

पुन्हा मागितलं. गुडघे टेकून, मग खुर्चीत बसून, मग चिडून. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस! पण मग त्याला कसली शांती देतोस? ती तू दिलीस का, तेवढं तरी सांग.

दिवा मालवून आडवी झाले.

१० जुलै

बोटीला नवा रंग. निळा, चकचकीत, लग्नासाठी. माझी लाल फुली त्याखाली गेली. पत्रा तसाच.

रंगारी म्हणाला, "मालकांनीच सांगितलं, ताई."

वरिष्ठांना कळवलं. ते म्हणाले, "घरचं भांडण आहे, घरात मिटवा." म्हणजे बोट निघणार.

११ जुलै

आत्या लग्नाचा उलोस दाखवायला आली. विणलेलं वस्त्र माझ्या खांद्यांवर टाकून बघितलं. मी ते घडी करून परत दिलं.

"आत्या, तुझा मुलगा झिजलेल्या पत्र्याला रंग लावतो आणि त्याला विश्वास म्हणतो."

"जीभ आवर! इंजिनियर झालीस म्हणजे देवाच्या वर गेलीस का?"

"नाही. पण अडीचाला सहाही म्हणणार नाही. त्या बोटीत तूही बसणार आहेस. आधी खाली वाकून बघ, मग मला शिव्या दे."

उठून गेली. चहा तसाच राहिला.

१२ जुलै

पाळकबाईंना विचारलं: हरकत कुणी घ्यायची?

"कुणीही."

"नवरीने घेतली तर?"

हसल्या. मग माझं तोंड बघून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, बराच वेळ वाचत बसल्या. "कुणीही म्हणजे कुणीही," म्हणाल्या. "पण अगं, तू 'हो' म्हणालीस. देवापुढे."

"देवापुढे म्हणाले म्हणूनच. त्याच्यापुढे म्हटलेलं खोटं निघालं, तर मोडायचं कुणापुढे?"

घरी येताना कळलं. आठवडाभर मी शहाणपण मागतेय असं समजत होते. ते पाच तारखेलाच हातात होतं, यंत्रावर, दोनदा. मी मागत होते ती परवानगी. ती तो देत नाही बहुतेक. किंवा देण्यासारखं ते काही नसतंच.

रागावून झोपायला चाललेय. त्याच्यावरच. आमेन तरीही म्हणणार आहे.

१३ जुलै, रविवार

दुसरी घोषणा झाली. उपासना सुटल्यावर सरळ पंचांच्या खोलीकडे गेले. दार उघडंच होतं. आत आत्या उभी, कोपरापर्यंत खरवडलेल्या निळ्या रंगाची पूड लागलेली, आणि दोघे पंच खाली मान घालून तिची हरकत लिहून घेत होते. माझ्याकडे वळली.

"देवाने काही सांगितलं नव्हतं गं," म्हणाली. "पाळण्याजवळ मीच बोलले होते."