खिडकीजवळचं टेबल

१४ मार्च, जेवणाची सुट्टी

दादा,

मी मजेत. खाते, झोपते, पाठ दुखायची थांबलीय. वहिनीला सांग, तिचा स्वेटर ऑफिसच्या एसीत रोज अंगावर असतो. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे तुला मध्ये बोलताच येणार नाही, बस आता.

तुझ्या नव्या स्टुडिओत खिडकीजवळ माझ्यासाठी मांडलेल्या टेबलाचा फोटो पाहिला. डावीकडून उजेड, खाली खण, आणि बाहेर पाटीवर आपल्या दोघांच्या नावांसाठी सोडलेली जागा. सुंदर आहे रे. त्याच्याकडे येतेच. आधी बॅगांचं ऐक.

तुला वाटतं, मी डिझाईनची हेड झाले म्हणजे नुसत्या मीटिंगा करते. सुरुवातीला मी त्याहून वाईट करत होते. टीममधल्या कुणी प्रवासी बॅगेचं चित्र दाखवलं की माझा हात पेन्सिलीकडे. 'हे असं कर बघ' म्हणत त्यांच्याच कागदावर सुटायचे. सगळे माना डोलवायचे. मला वाटायचं, काय शिकवतेय मी!

आमच्यात एक मुलगी आहे. अजिबात बोलत नाही, म्हणून सगळे तिला गमतीने गप्पिष्ट म्हणतात. एकदा तीच म्हणाली, "ताई, तुमची रेघ पडली की आम्ही विचार करायचं सोडतो. तुम्ही करणारच ना पुढचं."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग आम्ही नवी पद्धत काढली. दर गुरुवारी सगळ्यांची चित्रं भिंतीवर, नाव न घालता. कुणाचं आहे ते विचारायचं नाही. आधी बोलायचं ते बॅग कोण वापरणार, त्यात काय कोंबणार, कुठे ओढणार. छान आणि वाईट त्यानंतर. माझी पेन्सिल तोवर गप्पिष्टच्या टेबलावरच्या कपात जमा.

थांब, बोलावतायत.

(परत आले. चहा गार झालाय, तोच पितेय.)

तर, माझे हात शिवशिवायला लागले. मीही एक चित्र गुपचूप भिंतीवर टाचलं. हँडल असं काढलं होतं, दादा, तू असतास तर पाठ थोपटली असतीस. आमचा एक वकील आहे, म्हणजे वकिलासारखा भांडतो. तो चित्रासमोर उभा राहिला नि म्हणाला, "कुणी काढलंय माहीत नाही, पण याने रिकामी बॅग काढलीय. पुढचा कप्पा भरला की ही तोंडावर पडणार."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले. माझं चित्र मीच उतरवलं. भिंतीवर उरलं गप्पिष्टचं. दिसायला साधं, पण चाकं थोडी पुढे घेतलेली.

त्या चित्रावरून नमुन्याची एक बॅग शिवली, मग मालकीणबाईंसमोरची मीटिंग. नवी बॅग काढायची का नाही, ते ठरणार होतं. सेल्सवाले काका म्हणाले, "मागच्या वर्षीचीच काढू की नव्या रंगात. गिऱ्हाईक रंग बघतं हो. काय मॅडम?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी पाणी प्यायले. गप्पिष्टकडे बघितलं, नि परत पाणी प्यायले.

ती उठली. जुन्या आणि नव्या, दोन्ही बॅगांच्या पुढच्या कप्प्यात पुस्तकं कोंबली. जुनी काकांच्या हातात दिली. "काका, रांगेत तुमचा नंबर आला. तिकीट काढा."

काकांनी खिशात हात घालायला बॅग सोडली. ती थेट त्यांच्या पायावर. नवी जागची हलली नाही.

"हे काम कुणाचं?" मालकीणबाईंनी मला विचारलं.

"हिचं," मी म्हटलं.

काका अंगठा चोळत होते. "ठीक आहे. पण रंग कुठला?"

त्या बॅगेत माझी एक रेघ नाही, दादा. आणि घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते, लोक वळून बघत होते.

आता टेबल.

मी येत नाहीये.

लिहिलं. पेनने लिहिलंय, त्यामुळे खोडायचा प्रश्न नाही.

कामाचं कारण मी वर सांगितलं, ते खरंच आहे. पण अर्धंच. फोटो पाहिला तेव्हा मला टेबलाच्या आधी तुझी खुर्ची दिसली, त्याच्या अगदी मागे. मी काढतेय, तू उठतोस, माझ्या खांद्यावरून वाकतोस, 'हे असं कर बघ'. लहानपणी माझ्या चित्रकलेच्या वहीत अर्ध्या रेघा तुझ्या असायच्या. बक्षीस मला मिळायचं. मला ते आवडायचं, म्हणून तर आज सांगायला जड जातंय. रागवायचं असेल तर रागव, पण दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करून वहिनीसमोर बसू नकोस, ती मला फोन करेल.

टेबल परत करू नकोस. गप्पिष्टसारखं कुणीतरी शोध नि बसव तिथे. फक्त तिच्या मागून जाताना हात खिशात ठेव. पहिले काही दिवस बोटं दुखतात, मग सवय होते.

रेघ मारायला तुझ्याकडूनच शिकलेली, आणि थांबवायला इथे शिकतेय ती,
तुझी छोटी