चौथ्या तारेचा मीटर

अण्णा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मखमलाबादच्या आपल्या फुलांच्या शेताच्या अर्ध्या भागावर बिल्डिंगी उभ्या राहिल्यात आणि उरलेल्या अर्ध्यात आई अजून झेंडू लावायला लावतात. मी अंबडच्या त्याच कारखान्यात आहे, जिथं तुम्ही मला पहिल्यांदा मोपेडवर बसवून नेलं होतं. जेवणाची सुट्टी चाललीय. डबा तसाच ठेवून तुम्हाला लिहीत बसलेय, कारण मागच्या आठवड्यात जे झालं ते सांगावं असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं सुचलं नाही.

लग्नानंतरचा पहिला दसरा तोंडावर आला होता. स्वयंपाकघरात फुलांचे ढीग पडलेत, आई आणि मी हार ओवतोय, आणि तुम्ही नदीकाठच्या फुलबाजारातून येऊन पाणी पिताय. मध्येच तुम्ही विचारलंत, "पोरी, तू डिप्लोमा कशाचा केला म्हणालीस?" मी म्हटलं, "इलेक्ट्रिकलचा." "मग हार कशाला ओवतीयस?" आईंचा हात थांबला. "सण आलाय, घरात हात पुरत नाय, आणि तुम्ही भलतंच काय काढलंत?" त्यावर तुम्ही काही वाद घातला नाही. माझ्या हातातली सुई घेतली, मांडी घालून बसलात आणि ओवायला लागलात. तुमचे हार वेडेवाकडे व्हायचे, पण सणभर तुम्ही ते ओवलेत. सण उरकल्यावर मला अंबडला नेलंत. मुलाखत होईपर्यंत गेटबाहेर थांबलात आणि वॉचमनला सांगितलंत, "सून हाय माझी. इंजिनिअर हाय." मी नुसती डिप्लोमावाली होते. तुम्ही असं म्हणालात हे वॉचमननंच मला नंतर सांगितलं, हसत.

कामावर लागल्यावर तुम्ही चुलीपाशी बसून विचारायचात, तू तिथं करतेस तरी काय. मी सांगितलं, मोठ्या इमारतीत, कारखान्यात वीज येते ती आधी एका लोखंडी कपाटात येते. तिथून ती मजल्यामजल्याला जाते. कुठं किती गेली, कुठं जास्त ओढली जातेय, कुठं काही बिघडतंय, हे दाखवणारे मीटर त्या कपाटात कसे बसवायचे ते मी कागदावर काढते. तुम्ही जरा विचार केलात. "म्हणजे पाटाचं पाणी वावरावावराला वाटतो तो पाटकरी. तू विजेची पाटकरीण." दुसऱ्या दिवशी हे फुलबाजारात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

तुम्ही माझ्यावर एकदाच रागावलात. मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, म्हणजे खरं तर मी बोललेच नव्हते, आणि भाकऱ्या थापताना ते सगळं तुमच्यापुढं ओकत होते. तुम्ही ताट सरकवलंत. "हे तिथं का नाय बोललीस?" "सगळे मोठे होते, अण्णा." "मग मला कशाला सांगतीस? मी काय तारा जोडणार हाय? चुलीपुढं शहाणपण आणि कामावर मुकी, असलं मला नाय चालायचं." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. जेवलात, स्वतःचं ताट स्वतः घासलंत आणि जाताना एवढंच म्हणालात, "भाकरी चांगली झालीय."

आता मागच्या आठवड्याचं. शहरातल्या एका दवाखान्याचं पॅनेल, म्हणजे तेच लोखंडी कपाट, मी आधी डिझाइन केलं होतं. वीज तीन तारांतून येते आणि चौथी तार, न्यूट्रलची, परतीची. पूर्वी तिच्यावर फारसा भार नसायचा. आता एलईडी दिवे, कॉम्प्युटर, यूपीएस असल्या गोष्टींमुळे ती आतल्या आत तापत राहते आणि कुणाला कळत नाही. म्हणून मी प्रत्येक मजल्याच्या न्यूट्रलवरही मोजमाप ठेवलं होतं. तेव्हाच्या मीटिंगमध्ये कंत्राटदार सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, न्यूट्रलकडे कोण बघतंय? पॅनेल उगाच रुंद होईल, दार उघडायला जागा राहणार नाही." समोर सगळे मोठेच बसले होते. मी म्हटलं, "दाराला जागा मी काढून देते. मीटर काढणार नाही." आणि सगळं ड्रॉइंग पुन्हा नव्यानं काढलं.

मागच्या आठवड्यात दुपारी तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, तिसऱ्या मजल्याचा न्यूट्रल लाल दाखवतोय. मीटर खराब झालाय का?" तिसऱ्या मजल्यावर नवजात बाळं असतात, काचेच्या पेट्यांमध्ये. मी निघाले. पोचल्यावर आधी मीटरचे आकडे पाहिले आणि मजल्याची वीज तोडावी लागेल असं कळवलं, तर मोठे डॉक्टर जिन्यातच उभे होते. "तुम्हाला खात्री आहे ना? वीज बंद करायची तर एकेक बाळ नळ्यांसकट खाली न्यावं लागेल. त्यातही धोका आहे." मीटर चुकला असेल तर त्या जिवांना मी उगाच हलवायला लावणार होते. पुन्हा जाऊन आकडे पाहिले. ते वाढतच होते. "खात्री आहे," मी म्हटलं. "बाळं हलवा."

सिस्टर लोकांनी ती एकेक करून खाली नेली. मग आम्ही मजल्याची वीज तोडली आणि केबलचं झाकण उघडलं. जोडापाशी चौथ्या तारेवरचं आवरण वितळून तपकिरी झालं होतं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि ते खाली बाळांकडे गेले. थोड्या वेळानं निरोप आला, सगळी ठीक आहेत.

पायरीवर एक ओली बाळंतीण बसली होती, भेदरलेली. तिनं विचारलं, "काय झालं हो, ताई?" मी म्हटलं, "लाइटचं काम होतं. झालं." आणि तिच्याशेजारीच बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्याजवळची पाण्याची बाटली पुढं केली. पाणी पिताना तुमची आठवण आली.

सुट्टी संपत आली. हे कुठं धाडायचं नाही, दाखवायचं तर कुणालाच नाही. एकच राहिलंय. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसले होते. नवीन आलेल्या सिस्टरनं विचारलं, "हे कोण लागतात तुमचे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "वडील." माझे वडील तेव्हा माहेरी, देवळ्याला चांगले हिंडतेफिरते होते. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही झोपलात असं मी धरून चालले. पण तुमच्या पापण्या हलल्या होत्या, अण्णा. मी पाहिलं होतं.