डावीकडचा दिवा

प्रिय चिमणे,

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून मांडत आहे. झोपायची खोली नव्यानं सजवताना लोकांच्या घरी आधी भिंती रंगतात, मग सामान येतं. आमच्याकडे आधी उशा आल्या. सहा! सोबत तुझी चिठ्ठी, कोणती उशी कोणत्या कोनात टेकवायची त्याच्या चित्रासह. त्यांतली डोक्याखाली घेण्याच्या लायकीची एकच. उरलेल्या पाच निव्वळ दर्शनी. त्या झोपताना उतरवून कुठे ठेवायच्या, याबद्दल तुमचं सजावटशास्त्र मौन बाळगून आहे. मी खुर्चीवर ठेवणार होतो, तर तुझ्या आराखड्यात बसत नाही म्हणून खुर्चीच गेली. तूर्त त्या हॉलमध्ये माझ्या गादीच्या उशाशी रचल्या आहेत आणि रोज सकाळी माझ्या अंगावर कोसळतात.

भिंतींना तू सांगितलेला रंग लागला. डब्यावर त्याचं नाव ‘शांत धुकं’ आहे. मला तो भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसतो. तसं म्हणालो, तर तुझी वहिनी म्हणाली, “तुम्हाला जिकडेतिकडे छापखानाच दिसतो.” घड्याळ हद्दपार झालं, कारण ते टिकटिकतं. माझे कोश आणि प्रुफांचे गठ्ठे पॅसेजमध्ये गेले, जिथे अंघोळीला जाणारा प्रत्येक जण त्यांना ठेचकाळतो. प्रत्येक जण म्हणजे मीच. वानप्रस्थ असा हप्त्याहप्त्यानं येतो, आधी कोश जातात आणि मग माणूस, हे मला कोणत्याच ग्रंथात वाचायला मिळालं नव्हतं.

तू आमच्याकडे राहून कॉलेजला जायचीस तेव्हाचं आठवतं? बंद दाराआडून “दंड, दोन दंड” ऐकू यायचं आणि तू मैत्रिणींना सांगायचीस, दादा वहिनीला शिक्षा करतोय. संस्कृत पोथीचं प्रूफ एकट्यानं धड तपासता येत नाही. एकानं मूळ प्रत धरायची, दुसऱ्यानं छापलेलं मोठ्यानं वाचायचं, ओळीअखेरच्या उभ्या दंडांच्या खुणांसकट. मूळ प्रत तुझी वहिनी धरायची. तिला संस्कृतचा गंध नव्हता, म्हणूनच ती या कामात माझ्याहून तरबेज. अर्थामध्ये न गुंतणाऱ्या माणसाच्या नजरेतून अक्षर सुटत नाही. पलंगावर ती उजवीकडे, मी डावीकडे, दोघांच्या डोक्याशी एकेक दिवा. जेवण आटोपलं की तासभर. सव्वीस वर्षं. आमच्या संसाराचं सगळं सुख त्या तासात आहे, असं मी चारचौघांत सांगत आलो. त्या चारचौघांत तीही असायची. मी हे सांगू लागलो की चहाचे कप उचलून आत जायची.

ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते, हे तुला नव्यानं सांगायला नको. दिवसभर लोक बोलतात, ती ऐकते. घरी आली की मी बोलतो, ती ऐकते. किती साधी गोष्ट. पण माझ्यासारख्या, रेफ निसटला तरी लाल शाई काढणाऱ्याला ती इतकी वर्षं दिसली नाही. खोलीचं ठरलं त्या दिवशी ती म्हणाली होती, “मला एक अशी खोली हवी, जिथे मला कुणी काही वाचून दाखवणार नाही.” मी म्हणालो, “बरं, मनातल्या मनात वाचीन.” वाटलं, हसेल. ती खिडकीची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

काल वायरमन आला. तुझा नकाशा भिंतीला चिकटवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काका, यात एकच दिवा दाखवलाय, उजवीकडचा. डावीकडचा पॉइंट बुजवून टाकू?” मी नकाशा हातात घेतला. एक दिवा. एक छोटं टेबल. आणि ती एक उशी, जिच्यावर मी वर एवढा विनोद केला. त्याला म्हटलं, पुढच्या गुरुवारपर्यंत थांब. तो म्हणाला, “थांबतो. पण एकदा बुजवला की परत भिंत फोडावी लागते हं.” तिला हे सांगितलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणून विचारलंही नाही.

तेव्हा तुला विचारतो. तिनं तुला नेमकं काय सांगितलं होतं? खोली दोघांची की तिच्या एकटीची? फोन करू नकोस. फोनवर मी काहीतरी गंमत करीन, तू हसशील आणि मला पाहिजे ते उत्तर राहूनच जाईल. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या. तुझ्या या कागदात मात्र चूक असावी, घाईघाईत एक दिवा काढायचा राहून गेला असावा, अशी आशा करत बसलो आहे. तसं असेल तर दोन ओळी लिही. नसेल तरी लिही. पॅसेजमध्ये झोपायला माझी हरकत नाही. तिला शांतता हवी आहे ती माझ्यापासूनच असेल, याची मला भीती वाटते.

तुझाच,
दादा