पेवातला शेक

मुकुटबनजवळचा तांडा
१६ जानेवारी १९६२

अनवरीस हंसाचा नमस्कार, तुझ्या अम्मीला सलाम.

पाकिटात चिमूटभर तिळगूळ घातला आहे. पोचेपर्यंत चुरा झाला तर चुराच खा आणि माझ्याशी गोड बोल. रागावली असशील, आणि ते बरोबरच आहे. तुझी दोन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात तू छोटीचं विचारलंस. ते शेवटी लिहिते. आधी एक गंमत ऐक.

आमच्या अंगणात पेव आहे. तू पांढरकवड्याच्या बाजारात वाढलेली, तुला पेव कुठून ठाऊक असणार! जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, तोंड लहान, आत पोट मोठं. माझ्या सासऱ्यांनी ज्वारी साठवायला खणलं होतं. ते गेल्यावर आत ओल आली, तेव्हापासून रिकामंच पडलं आहे. परवा पहाटे पाहिलं तर माझी सासू पेवाच्या तोंडावरचा दगड सरकवून तिथं हात शेकत बसली होती. मी विचारलं, तर म्हणाली, "खालून ऊन ऊन हवा येते. धरतीचं अंग हाय ते, थंडीत गरमच राह्यते." (आम्ही घरात आमच्या बंजारा गोरबोलीत बोलतो, तुला समजावं म्हणून इकडच्या भाषेत लिहिते. तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई.)

मी हात घातला. खरंच कोमट. पण अनू, गेल्या वैशाखात मी त्याच तोंडाशी बसले होते, आणि तेव्हा आतून गार हवा येत होती. मी तिथं का बसले होते ते विचारू नकोस. प्रश्न असा, की हे पेव हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार होतं कसं? त्याला कोण सांगतं, आज कोणता महिना आहे ते?

माझ्या शाळेत तापमापक नाही. शाळाच एका खोलीची, त्यात कुठला आलाय तापमापक! मग मी तूप घेतलं. एक वाटी खिडकीत ठेवली, एक दोरीनं पेवात सोडली. सकाळी खिडकीतलं तूप उलथन्यानं निघेना आणि पेवातलं मऊ, रवाळ. याडी ओरडली, "तूप कायले त्या भोकात टाकून राह्यली व? मुंग्या पोसतं का?" ओरडू दे. वैशाखात हीच वाटी परत सोडणार. माझी पैज आहे, तेव्हाही ते रवाळच निघेल. म्हणजे पेव बदलतच नाही. आपण थंडीत गारठलेलो म्हणून ते कोमट लागतं, उन्हाळ्यात तापलेलो म्हणून गार. तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना विचारून बघ, मी चुकत असेन तर कळव.

आता काम. हाफिजभाईंच्या गॅरेजात भट्टीचा हातानं फिरवायचा पंखा आहे ना? तो मला हवा आहे. आणि काही पाइप. पेवातली हवा आमच्या मागच्या खोलीत आणायची आहे. वैशाखाच्या आत व्हायलाच हवं.

छोटी नाही गं राहिली. जन्मली तेव्हा तुला कळवलं, पुढचं लिहायला हात उचलला नाही. वैशाखात आली, वैशाखातच गेली. आता पुन्हा दिवस आहेत, आणि तारीख पुन्हा वैशाखातच येते आहे.

तुझी
हंसा


२८ मार्च १९६२

अनू,

ईदचा शीरखुर्मा न खाताच तुझं पत्र वाचून पोट भरलं. रडलीस असं लिहिलंस. मी वाचताना रडले, म्हणजे फिट्टंफाट झाली.

हाफिजभाईंचा पंखा ट्रकवाल्यानं मुकुटबनात उतरवला, पाइपही. भावाला सांग, उपकार झाले, पण ते पाइप ट्रकच्या सायलेन्सरचे होते! पहिल्या दिवशी पंखा फिरवला तर काहीच येईना. आमचे यजमान देवसिंग हसून लोळायचे बाकी होते. म्हणाले, "मास्तरीनबाई, वरचं तोंड दगडानं बंद करून ठेवलं, आत हवा जाईन कुठून?" एवढं साधं मला सुचलं नव्हतं. दगड जरा सरकवला तर हवा आली, पण खोलीत उभा ट्रक असल्यासारखा वास. याडी शिंकून शिंकून बेजार. शेवटी कुंभाराकडून मातीचे नळ आणले आणि देवसिंगांनी अंगणात चर खणून ते पुरले.

आणखी एक कळलं. पंखा जोरात फिरवला की बाहेरची गरम हवा तशीच आत येते. हळू फिरवला की तिला खाली थांबायला वेळ मिळतो, मग गार होऊन येते. घाई केली की काम बिघडतं, माझ्यासारखंच. आणि काळजी करू नकोस, पेवात वाईट हवा साठते ते मला माहीत आहे. पहिल्यांदा कंदील सोडला तो विझला होता. पुष्कळ दिवस तोंड उघडं ठेवलं, आता कंदील जळत राहतो. तो रोज सोडून बघते.

पण खरी अडचण पेवाची नाही, बाजेची आहे.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असते. दारं-खिडक्या बंद, ओव्याची धुरी, आणि वर पत्र्याचं छप्पर. भर वैशाखात. छोटी लालबुंद झाली होती, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. मी म्हटलं, दार उघडा. याडी दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, वारा लागला तर दोघी जाल. दुपारी छोटी निपचित झाली. मग दार उघडलं. मी बाहेर आले आणि पेवाच्या तोंडाशी जाऊन बसले, कारण सगळ्या अंगणात तेवढीच जागा गार होती. तिला तिथं आणता आलं असतं, हेच डोक्यात फिरत होतं.

याडी दुष्ट नाही. तिची थोरली लेक गंगी पौषात बाळंत झाली आणि गारठ्यानं गेली. तेव्हापासून तिला निखाऱ्याशिवाय कशावर भरवसा नाही. हे मला समजतं. समजतं तरी मी तिच्याशी कामापुरतंच बोलते. मीठ कुठं आहे, गाय सोडली का, संपलं. तीही तेवढंच बोलते. एका चुलीवर दोघी रांधतो आणि एकमेकींकडे बघत नाही.

काल मी तिला सरळ सांगितलं, या वेळी शेगडी नाही. ती म्हणाली, "शेकाबिगर बाई बाजेवर निजत नसते. तांडा थुंकन माह्या तोंडावर." मग मला सुचलं. मी म्हटलं, "शेक आहे ना, पेवातला. पौषात तुम्हीच हात शेकत होता. धरतीचं अंग गरम असतं, तुम्हीच म्हणालात. तीच हवा नळातून येणार." ती उठली आणि शेण काढायला गेली.

फसवलं का मी तिला? हवा तीच आहे, खोटं तर काही बोलले नाही. पण भीती वाटते अनू. ऐन वेळी तिनं शेगडी आणून ठेवली तर मला बाजेवरून उठताही येणार नाही.

तुझी
हंसा


२७ मे १९६२

अनू,

मुलगी झाली. आहे. पिते, झोपते, आवाज तर असा की नायकाच्या घरापर्यंत जातो.

बाहेर मातीला पाय लागत नाही इतकं ऊन आहे. पत्रा दिवसभर तापतो. पण खोलीत नळाच्या तोंडाशी बाज आहे आणि तिथं सोसवेल एवढा गारवा येतो. पैजेचं विसरले नाही. देवसिंगांना तूप सोडायला लावलं. खिडकीतलं पाण्यासारखं पातळ झालं, पेवातलं रवाळ. गुरुजींना सांग.

आता खरं सांगायचं ते. पाचवीला नायकण आली, तांड्यातल्या बायकांना घेऊन. तांड्याचे प्रमुख धावजी नायक यांची बायको, तिचा शब्द म्हणजे तांड्याचा शब्द. आल्या आल्या वाकून बाजेखाली पाहिलं. "शेगडी कुठं हाय व, सुखी?" तिनं याडीला विचारलं.

याडी कोपऱ्यात बसली होती. मला वाटलं आता उठेल, चुलीतले निखारे आणेल, आणि या सगळ्या मिळून दार लावतील. मी पोरीला छातीशी घट्ट धरलं.

याडी म्हणाली, "हाय ना शेक. निखाऱ्याचा कायले पाह्यजे? माह्या घरात धरतीचा शेक येते. या पेवावर मी पौषात हात शेकले, इचार कोनालेबी."

नायकणीनं नळाशी हात नेला. "हे तं गार लागून राह्यलं."

"तू उन्हातून आली, म्हनून तुले गार लागते," याडी म्हणाली. "पौषात ये, मंग सांग."

शब्दन्‌शब्द माझाच सिद्धांत, अनू, आणि मी तो तिला कधी सांगितला नव्हता! तिनं आपला आपण काढला होता. नायकण पुटपुटली, पण त्या गारव्यात बसून चांगल्या दोन खेपा सुपारी खाऊन गेली. जाताना म्हणाली, बरा हाय शेक.

बायका गेल्यावर मी याडीला म्हटलं, "तुम्हाला खरंच शेक वाटतो?"

ती म्हणाली, "मले काय येडी समजतं? गार हाय थे मले कळत नाही? त्याईले शेक पाह्यजे, पोरीले गारवा. दोघाईचं झालं." मग पंख्याचा दांडा हातात घेऊन बसली. तो फिरवता फिरवता माझ्याकडे न बघता बोलली, "त्या पोरीले मी जगवाले पाहात होती, हंसा. मारत नव्हती."

मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि मग आम्ही दोघी रडलो, एका बाजेवर बसून, पोरगी उठेल म्हणून आवाज न करता. छोटीसाठी आम्ही पहिल्यांदाच एकत्र रडलो.

तेव्हापासून पंखा ती कुणाच्या हातात देत नाही. देवसिंग जोरात फिरवतात म्हणे. ती हळू फिरवते, पोरीच्या श्वासाकडे बघत.

हाफिजभाईंना सांग, पंखा परत मिळायचा नाही. पंखा परत मागणारं तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी याडीला म्हटलं, उन्हाळा सरला की पाठवून देऊ. ती म्हणाली, "पौषात पोरीले थंडी वाजन, तवा काय करशीन?"

तुझी हंसा,
आणि पंख्याशी बसलेल्या याडीचा तुला आशीर्वाद