गोधडीचा कोरडा कोपरा

आई, खोली अपात्र ठरली. तुला गोड बोलून फिरवत बसत नाही, आधीच सांगून टाकते. सोसायटीच्या ऑफिसबाहेर पुनर्वसनाची यादी लागली त्या दिवशी मी मुद्दाम मुलुंडहून विक्रोळीला गेले. आपला धाकटा चष्मा घरी विसरला होता, भिंतीला नाक लावून वाचत होता. आपली सगळी गल्ली पात्र. समोरची मालवणी काकू पात्र, नळाजवळचे पात्र. ज्यांना तू स्वतः टेकडीवर आणलंस, 'इथे चार बांबू रोवा, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा' म्हणालीस, ते झाडून सगळे पात्र. आणि तुझी खोली, टेकडीवरची पहिली, तिच्यापुढे अपात्र. जुना पुरावा नाही म्हणे. आता पात्रवाल्यांना इमारतीत घर आणि बाकीच्यांनी सामान उचलायचं. धाकटा, त्याची बायको, दोन पोरी. अपिलाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, पण अपिलाला लावायचं काय? तोंडी बोलणं तिथे चालत नाही.

तुला आठवतं का गं ते झुडूप तोडणं? आप्पा खाणीत वारले, खाणीवरची खोली सोडावी लागली, आणि तू आम्हा दोघांना घेऊन टेकडी चढलीस. मी सात वर्षांची, धाकटा कडेवर. तुझ्या हातात कोयता. दिवसभर तू खडी फोडायचीस आणि परत आलीस की जमीन सपाट करायचीस. माती ओढायला मी आहे, धाकटा बाभळीखाली रडतोय, आणि तू मान वर न करता म्हणतेस, रडू दे, फुफ्फुसं मोठी होतील. गावाकडचे मामा येऊन बघून गेले. म्हणाले, इथे विंचू राहतात, माणसं नाही. तू म्हणालीस, विंचू भाडं मागत नाहीत. वर्षभरात खाली-वर वीस झोपड्या झाल्या. काकू कोकणातून आलेली, नवरा गिरणीत, जागा कुठे मिळेना. तिला तू आपल्या कुडाला कुड लावून दिलास.

मग झोपड्या पाडायला म्युनिसिपालटीची गाडी यायला लागली. गाडी दिसली की खालची पोरं ओरडत वर यायची, आणि बायका सुचेल ते घेऊन पळायच्या. कोणी हंडा, कोणी कोंबडी. एका बाईने स्टोव्ह उचलला आणि तिचं रेशनकार्ड कुडात राहिलं, पत्र्याखाली चेंदामेंदा झालं. ते पाहून तू तुझी युक्ती काढलीस. वाचता येत नव्हतं तुला, पण कागदाची किंमत आमच्या ऑफिसातल्या साहेबांपेक्षा जास्त कळायची. रेशनकार्ड, आप्पांच्या मृत्यूचा दाखला, माझा शाळेचा दाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तू गोधडीच्या एका कोपऱ्यात शिवून टाकलंस. पांघरूण कोणी हिसकावत नाही, म्हणायचीस. पोरांवर टाकून पळता येतं. नंतर झोपड्यांची सरकारी गणती झाली, घरच्यांचा फोटो लावलेला फोटोपास मिळाला, तोही त्याच कोपऱ्यात गेला. फोटोसाठी तू काकूचं लुगडं मागून नेसली होतीस. गणतीवाल्याने पाटीवर खडूने नंबर लिहून तुझ्या हातात दिला. तू पाटी उलटी धरलीस, तो हसला, मी सुलटी केली. फोटोत माझा हात पाटीवरच आहे. आपल्या तिघांचा तेवढाच एक फोटो निघाला, पुन्हा कधी निघाला नाही.

एकदा मला शहाणपण सुचलं. दहा वर्षांची असेन. तू कामावरून येशील तेव्हा गोधडी धुतलेली दिसावी, म्हणून मी ती नळावर नेऊन आख्खी भिजवली, वर नाचून तुडवली. तू आलीस, पाहिलंस, आणि अशी लगावलीस की माझा कान रात्रभर वाजत होता. 'हा कोपरा भिजला तर आपण कोणीच नाही,' म्हणालीस. मग दातांनी टाके तोडलेस, एकेक कागद पोटाला पुसून तव्याशेजारी मांडलास. पिशवीने वाचवलं होतं, फक्त कडा ओल्या होत्या. कागद वाळले तशी तू मला मांडीवर घेतलंस आणि त्याच कानाला तेल लावलंस. त्यानंतर ती गोधडी तूच धुवायचीस, तीन कोपरे पाण्यात आणि चौथा खांद्यावर.

मी ऑफिसात लागले, कंपनीच्या फायली लावायचं काम, आणि पहिल्या पगारात तुझ्यासाठी पत्र्याची पेटी आणली. हिरवी, कुलूपवाली. मला लाज वाटायची गं. मी जगाचे कागद नंबर घालून लावतेय आणि माझ्या आईचे कागद गोधडीत. तू पेटीवरून हात फिरवलास, कुलूप दोनदा लावून पाहिलंस, सगळ्यांना दाखवलीस. माझ्यादेखत टाके उसवून कागद पेटीत ठेवलेस. मग म्हणालीस, 'पेटी झकास आहे. पण पेटी घेऊन पळता येतं का गं?' मी हसले. आई, तेव्हा मला वाटलं, झालं, सगळे कागद पेटीत गेले.

यादी लागण्याआधी सुनावणी होती, तिला मी आणि धाकटा गेलो. पेटीच घेऊन गेलो, रिक्षात मांडीवर. मी एकेक कागद काढून दिला. रेशनकार्ड नवीन, जुनं रेशन ऑफिसनेच जमा करून घेतलं होतं. विजेचं मीटर उशिरा आलं. जुन्या मतदारयादीत तुझं नाव नाही, कारण नावं लिहायला माणसं आली तेव्हा दाराला कुलूप होतं. तू मुलुंडला माझ्या बाळंतपणाला आली होतीस, धाकटा सुरतेला कामाला. कारकून बिचारा वाईट नव्हता. त्याने पेटी तळापर्यंत पाहिली, माझं लसीचं कार्डसुद्धा वाचलं. मी म्हटलं, अहो, टेकडीवरची पहिली झोपडी आमची. तो म्हणाला, 'ताई, इथे येणारा प्रत्येकजण पहिलाच असतो. गणतीचा फोटोपास आणा, मी आत्ता सही करतो.' मी विचारलं, तुमच्याकडे नक्कल असेल ना. त्याने लेखी दिलं, रेकॉर्ड मिळून येत नाही. ऑफिसची कितीदा हलवाहलव झाली, त्यात कुठेतरी गेलं. म्हणजे पास आपल्याकडे नाही आणि त्यांच्याकडेही नाही. वाट लागली.

यादी पाहून परतले तर काकू तिच्या दारात बसून होती, ऐंशी ओलांडली तिने. मला पाहून रडायलाच लागली. 'तुझ्या आवशीन माका जागा दिल्यान गो. यादीत माझा नाव आसा आणि तिचा नाय. माका आता त्या घरात जीव लागाचो नाय.' साक्षीला अंगठा देते म्हणाली, कुठेही ने मला. मी नेलंही तिला. अंगठा चालत नाही, कागदच हवा.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली. शेवटचे दोन महिने तू त्याच गोधडीवर होतीस. मधूनच तिचा कोपरा मुठीत धरायचीस आणि म्हणायचीस, हिला टाकू नका. आम्हाला वाटायचं, थंडी वाजतेय. मी अजून एक चादर टाकायचे. तू गेलीस, सगळे जमले, आणि आपल्यात करतात तसं अंथरूण तुझ्याबरोबर न्यायचं ठरलं. धाकटा म्हणाला, गोधडी राहू दे, मी पांघरीन. माझ्या सासरची माणसं दारात उभी होती. गोधडीला आजारपणाचा वास येत होता, ठिकठिकाणी विटलेली. मला शरम वाटली. मी त्याच्यावर खेकसले, 'मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवतात का? अक्कल आहे का तुला?' त्याने हात काढून घेतला. मी स्वतः ती गुंडाळली, सुतळीने बांधली आणि बाहेर दिली. स्मशानात ती तुझ्यासोबतच जाळली.

गुंडाळताना कोपरा हाताला लागला होता. आत पिशवीसारखं काहीतरी कुरकुरलं. मला कळलं नाही असं म्हणू शकते, अठरा वर्षं म्हणतेच आहे. पण दहाव्या वर्षी त्या कोपऱ्यापायी मार खाल्लेली मी, माझ्या हाताला कळणार नाही होय? क्षणभर थांबलेही होते मी. मग बाहेरून कोणीतरी म्हणालं, आटपा, उशीर होतोय. आणि मी सुतळीची गाठ मारली.

आई, धाकट्याला वाटतं, पास त्याच्याच हातून हरवला. गेल्या पावसात पेटीत झुरळं झाली म्हणून त्याने कागद झटकले होते, त्यात उडाला असेल, असं तो बायकोला सांगतो, आणि ती त्याला बोलते. तो ऐकून घेतो. रोज ड्युटीवरून आला की पेटी उपसतो. तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागदसुद्धा त्याने सोलून काढला. मोठ्या पोरीला विचारलं तर म्हणाली, पप्पा जेवतसुद्धा नाहीत आत्या.

हे पत्र त्या पेटीत ठेवावं असं मनात होतं, तुझ्या कागदांत. पण तिथे ठेवलं तर त्याला सापडेल. म्हणून माझ्याकडेच मुलुंडला राहील, कपाटात साड्यांखाली. आज दुपारी त्याचा फोन आला होता. म्हणाला, ताई, पेटीच्या झाकणाला आतून कापड लावलंय, ते फाडून बघू का? आईने त्यात शिवला असेल, तिला सवय होती.

मी म्हटलं, बघ. नीट बघ.