दोन ठोके झाले की वर

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार शब्दशः घ्यावा. पाठीला भरलेलं सिलिंडर बांधलं की माणसाला अर्धवट वाकता येत नाही, तोल गेला की तो सरळ आडवाच होतो. त्यामुळे दिवसातून बरेचदा मी कोणाच्या ना कोणाच्या पायाशी असते. आजचा नमस्कार तुमच्या नावे धरा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा चष्मा दुरुस्त झाला का? आणि डावा कान? कानाचं उत्तर मला पाठ आहे, "त्या कानाने ऐकण्यासारखं जगात काही उरलेलं नाही". तरी विचारलेलं बरं. मी मजेत आहे. केसांचा काथ्या झालाय, नखांत मीठ बसलंय, पण मजेत आहे आणि मला कशाचीही गरज नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पत्र वाचताना तुमचा हात सारखा खिशाकडे जाणार नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं मामी विचारतील. फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणता. मागच्या खेपेला मी दहा मिनिटं सांगत होते की मी परीक्षेत नापास झाले, आणि तुम्ही "हो हो, छान छान" म्हणून फोन ठेवलात. मग मामींनी विचारलं, काय म्हणाली पोरगी, तर तुम्ही सांगितलंत, "पास झाली." मामींनी ते आईला सांगितलं. आईने चाळीस घरांच्या आमच्या इमारतीत सांगितलं. आता मी घरी गेले की जिन्यात लोक माझं अभिनंदन करतात आणि मी "हो हो" म्हणते. तेव्हा हे सगळं नीट, कागदावर, तुमच्या चांगल्या डोळ्यांसाठी.

मामा, मी स्कूबा डायव्हिंगची शिक्षिका होणार म्हटल्यावर घरी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. घराण्यातली पहिली पदवीधर, तीही रसायनशास्त्राची, आणि निघाली लोकांना पाण्यात बुडवायला, हे बाबांचं म्हणणं. आईने त्यातला "शिक्षिका" तेवढा शब्द उचलला आणि बाकीचा सोडून दिला. तिच्या हिशेबी मी एका शाळेत आहे, जिथे फळा जरा ओला असतो. बाबांनी मात्र माझ्यासाठी बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात नोकरी बघून ठेवली आहे, पाणी तपासायची. "पाण्याचीच आवड आहे ना? तिथेही पाणीच आहे," असं ते म्हणतात. (आहे. एकेक लिटर.) पुढच्या महिन्यात परीक्षा पुन्हा आहे. तेव्हाही नाही जमलं तर मी काम करते त्या डायव्हिंगच्या दुकानाचे मालक मला ठेवणार नाहीत, कारण त्यांना शिक्षिका हवी आहे, शिकत राहणारी मुलगी नको, आणि मग मी आयुष्यभर बाटल्या उजेडाकडे धरून बघत बसेन.

लोकांना वाटतं, या कामात माणूस मासे बघत तरंगत असतो. मासे मी शेवटचे कधी नीट पाहिले ते आठवत नाही. शिक्षिकेला विद्यार्थ्यांचे डोळे बघायचे असतात. मास्कच्या काचेमागे डोळे मोठे झाले की समजायचं, हा आता काहीतरी करणार. सकाळी दुकान उघडायच्या आधी सिलिंडर भरायची, गाडीत चढवायची, गाडीतून होडीत, होडीतून माणसांच्या पाठीवर, आणि परत त्याच वाटेने उतरवायची. संध्याकाळी रबरी सूट धुवायचे. (सूटमध्ये माणसं काय करतात ते मी लिहीत नाही. पाणी गार असतं, सूट घट्ट असतो, वर यायला वेळ लागतो, एवढं पुरे. सगळे म्हणतात, मी नाही केलं. मग माझ्या बादलीत कोण करून जातं?) प्रत्येक पायरीचं निराळं प्रमाणपत्र, प्रत्येक प्रमाणपत्राची निराळी फी, आणि ती भागवायला हे सूट. आमचे मालक पूर्वी साखरेचे व्यापारी होते, त्यांना स्वतःला होडी लागते. ते किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, "आत स्वर्ग आहे हो." स्वर्गाबद्दल बोलणारे बहुतेक लोक असेच काठावर बसलेले असतात, असं माझं मत होत चाललंय.

पण तरीही मामा, पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतलेला माणूस वर येतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघायला मिळतो. परवा एक दाताचे डॉक्टर आले होते, अतिशय तुसडे. खाली जाऊन आले, काठावर बसले आणि मास्क काढला. मग मला म्हणाले, "माझे पेशंट असेच तोंड उघडून पडलेले असतात, तेव्हा त्यांना काय वाटत असेल हे आज कळलं. आता मी जरा सांगून सांगून दात काढीन." मला वाटतं, प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी पाण्याखाली नेलं पाहिजे. तिथे कोणी कोणावर ओरडू शकत नाही. (हे मी परीक्षेच्या निबंधातही लिहिलं होतं. परीक्षकांनी शेजारी लिहिलं, "मुद्द्याचं लिहा".)

आता मुद्द्याचं. या धंद्यातला पहिला नियम काय असेल? श्वास कधीही कोंडायचा नाही. हे पहिल्या दिवशी वर्गात ऐकलं तेव्हा मी इतकी हसले की मला उभं केलं. श्वास कोंडणे ही एकच विद्या मी जन्मापासून शिकले, आणि तीही तुमच्याकडून. मला लहानपणी तुमच्याकडे घालवलेल्या सगळ्या सुट्ट्या आठवल्या. लोकांच्या विहिरीत आणि टाक्यांत पडलेलं काढून देणारे तुम्ही, आणि तुमच्यामागे पंपाचा दोर खांद्यावर घेतलेली मी. चाव्या, कळश्या, पंपाचे तुकडे, एकदा तर एका मास्तरांची कवळी. (ती वर आणली तर ते तिथल्या तिथे घालायला निघाले, तुम्ही त्यांचा हात धरलात.) विहिरीवरच्या बायका तुम्हाला म्हणायच्या, "अहो, पोरीला कशाला घालता आत?" आणि तुम्ही म्हणायचात, "मी नाही घालत, ती निघतच नाही बाहेर. बेडकी आहे ती." गालात हवा भरायची, नाक धरायचं, आणि खाली हिरव्या अंधारात हाताने चाचपत बसायचं, छातीत ढोल वाजायला लागेपर्यंत. तुम्ही वर शिडीवर पाना घेऊन. एक ठोका म्हणजे "मी आहे". दोन ठोके म्हणजे "वर ये". पाण्याखाली आवाज कुठून येतो ते कळत नाही, तो सगळीकडून येतो, त्यामुळे मला नेहमी वाटायचं की विहिरीच्या चारी भिंतींत तुम्हीच आहात.

तर तुमची विद्या इथे चालत नाही. म्हणजे तुमचं चुकीचं नव्हतं. तुम्ही हवा वरून घेऊन जायचात आणि तीच वर आणायचात. आम्ही हवा खाली घेतो, ती वर येताना फुगते, आणि ती छातीत कोंडून वर आलं तर छातीचा फुगा होतो. म्हणून सतत श्वास चालू ठेवायचा. मला हे अंगात मुरवायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागला. सगळे बुडबुडे सोडत असायचे आणि मी मधूनच तुमच्यासारखी दगड व्हायचे. आम्हाला शिकवणारे मास्तर माझ्यासमोर येऊन तोंडासमोर हात हलवायचे, जशा मामी तुम्ही टीव्हीसमोर असताना हलवतात.

आणि एक दिवस त्यांनी फळ्यावर कान काढला. खोल जाताना पाणी पडद्यावर दाब देतं, म्हणून जाता जाता नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, की कान मोकळा होतो. एवढंच. दोन बोटं आणि जरासा वारा. नाही केलं तर पडदा दुखतो, आणि दुखणं न जुमानता तसंच खाली जात राहिलं तर फाटतो. मी वहीत काहीच लिहिलं नाही. मला तुम्ही दिसत होता, विहिरीच्या काठावर डोकं एका बाजूला कलवून, डाव्या कानात कोमट तेल घालत, आणि सांगत, "पाणी गेलंय, निघेल." इतकी वर्षं निघतंय ते. शेजारी बसलेला व्यायामशाळेतला मास्तर (तोही माझ्याबरोबर परीक्षेला आहे, दंड एवढे की त्याच्या मापाचा सूट मिळत नाही) विचारायला लागला, काय झालं. मी म्हटलं, मीठ गेलं डोळ्यात. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.

आता परीक्षा. शिकवण्याची परीक्षा असते ती. पोहण्याच्या तलावात, पाण्याखाली, आणि विद्यार्थी म्हणून इतर उमेदवारच बसवतात. त्यांना गुपचूप सांगून ठेवतात की तू अमुक चूक कर, तू तमुक कर, आणि आपण त्या पकडायच्या. व्यायामशाळेतल्या मास्तरला "घाबरलेला माणूस" दिला होता. मामा, त्याने असा काही अभिनय केला की दुसरा एक उमेदवार खरंच घाबरला. तरी मी दोघांना शांत केलं, एकाचा मास्क बसवला, दुसऱ्याचा श्वास मार्गावर आणला, सगळं सुरेख चाललं होतं. परीक्षक माझ्या मागे होते. त्यांना मला काहीतरी दाखवायचं होतं, बहुतेक चौथ्याचा पट्टा सुटला होता. पाण्याखाली लक्ष वेधायचं तर सिलिंडरवर काहीतरी आपटतात. त्यांनी आपटलं. ठण. जरा थांबून, हलकेच, ठण.

पुढचं मला आठवत नाही, इतकंच आठवतं की मी वर होते. डोकं पाण्याबाहेर, मास्क कपाळावर, आणि तोंडातून निघालं, "आले मामा." काठावर मालक होते, ते म्हणाले, "कोण मामा?" खाली माझे चारही विद्यार्थी गुडघ्यांवर बसून माझ्या पायांकडे बघत होते. विद्यार्थ्यांना पाण्याखाली टाकून शिक्षिका वर, याहून मोठी चूक या परीक्षेत नाही. घाबरलेल्या माणसाने तर घाबरणं थांबवून मला खालून "काय झालं" अशी खूण केली. परीक्षकांनी कागदावर लिहिलं, "वर येताना श्वास बरोबर सोडला." त्यांना काहीतरी चांगलं लिहायचं असावं.

मी हे घालवायचा खूप प्रयत्न केला. व्यायामशाळेतल्या मास्तरला तलावात घेऊन गेले, म्हटलं, दोनदा वाजव. तो बिचारा वाजवत बसला, मला काही झालं नाही. मालकांनी चमच्याने वाजवून पाहिलं, काही नाही. मग ध्यानात आलं. त्यांचे दोन्ही ठोके सारखे पडतात. परीक्षकांचा हात तुमच्यासारखा आहे, पहिला ठोका जड, मग मधे एवढीशी जागा, आणि दुसरा हलका, जणू हाक मारून झाल्यावर नाव घ्यावं तसा. आणि पुढच्या महिन्यात परीक्षक तेच आहेत.

असो. इकडचं हे असं आहे. तुम्ही काळजी करू नका. बाबांना यातलं काही सांगू नका, ते बाटल्या मोजायला घेतील. मामींना नमस्कार.

तुमची,
बेडकी (बी.एस्सी.)

ता. क. वर मी "मला कशाचीही गरज नाही" असं लिहिलंय. ते पत्राच्या सुरुवातीला खरं होतं. मामा, दोन दिवसांसाठी या. येताना तो पाना आणा, मुठीला लाल पट्टी गुंडाळलेला, दुसरा नको. तलावाच्या काठावर शिडी आहे, शेजारी मालकांची खुर्ची टाकते. तुम्ही फक्त दोन दोन ठोके वाजवायचे, मनाला येईल तेव्हा, चहा पिताना, वर्तमानपत्र वाचताना. मी खाली बसून राहीन आणि येणार नाही. सुरुवातीला येईन. मग येणार नाही. तुम्ही मात्र आत डोकावू नका आणि बुटांसकट उडी मारू नका. मी ठीक असेन. तिथे हवा आहे.

ता. क. दुसरा. मामींना सांगा की कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. हे खोटं नाही. आमच्या लोकांना तपासणारे एक डॉक्टर आहेत, त्यांची वेळ मी घेऊन ठेवली आहे, त्याच दोन दिवसांतली. तेलाची बाटली घरी ठेवा, ते रागावतात.

ता. क. शेवटचा. परीक्षेच्या दिवशी बघणाऱ्यांना काठावरच्या बाकांवर बसता येतं. जमलं तर तेव्हाही या. मी खाली गेले की शिडीवर एकदाच वाजवा. एका ठोक्याला वर यायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंय. आणि हात सवयीने दुसऱ्यांदा उठलाच तर तो धरायला कोणीतरी हवं, म्हणून मामींनाही आणा.